सावंतकाकांच्या थ्री-स्पीडचं डाएट

सायकलच्या दुकानाबाहेर बाकडं टाकलं की गिऱ्हाइकं कमी आणि किस्से जास्त जमतात! माझ्या घाटकोपरच्या दुकानातले निम्मे किस्से तर एकट्या सावंतकाकांचे. काका रिटायर्ड, राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वडिलांची जुनी विलायती थ्री-स्पीड सायकल जिवापाड जपलेली, पण सगळी लोखंडी! सोसायटीच्या सेक्रेटरीने दम दिला, "जिन्याखाली दिसली तर भंगारात देईन." वर न्यावी, तर काकांचा खांदा दुखरा.

"शेठ, एक तर माझा खांदा बदल, नाहीतर हिचे पार्ट बदल!"

खांद्याचा माल मी ठेवत नाही.

*

आधी चेनकव्हर आणि जाड पत्र्याचे मडगार्ड उतरवले. काका बघतच राहिले.

"मेल्या, देवनारच्या कत्तलखान्याक नेलंस काय हिका? पार सोलून ठेवलंस!"

*

नवं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल हलकं आहे यावर काकांचा विश्वासच बसेना. शेजारी मंगलताई मासे विकते. तिच्या तराजूत एकीकडे जुनं हँडल ठेवलं, दुसरीकडे नवं. जुन्याचं पारडं धाडकन खाली!

मंगलताईने कोयता उचलला. "साफ करून देऊ, की असाच नेतोस?"

*

मग रिमा बदलल्या. लोखंडी रिमवर ब्रेक कसला लागतोय! माझ्याकडे थांबायचं तर काका पार अलीकडच्या सलूनपासून ब्रेक दाबत यायचे. नव्या रिमा घातल्यावर सवयीने तिथेच दाबला आणि सायकल जागीच उभी!

माझ्याकडे आले ते गुळगुळीत दाढी करून. "थांबलोच होतो, म्हटलं उरकून घेऊ."

*

मागच्या चाकातला गिअरचा हब सगळ्यात जड. म्हटलं, "काका, हा काढू या. तुम्ही कायम दुसऱ्या गिअरवरच असता. तिसरा कधी लागतो?"

"सेक्रेटरी समोर दिसला की!"

हब राहिला.

*

सायकल एका हाताने उचलता यायला लागली आणि काकांची झोप उडाली. "मला उचलता येते, तर चोराला येणार नाही?" लगेच टेम्पोला शोभेल अशी साखळी घेतली. ती गळ्यात, सायकल खांद्यावर. पहिल्याच मजल्यावर वाट लागली!

"अहो, साखळी तरी खाली ठेवायची!"

"आणि ती चोरीला गेली तर?"

*

शेवटी साखळी मीच ठेवून घेतली. काका न थांबता तिसऱ्या मजल्यावर! सेक्रेटरी आपल्या दारातून नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात. म्हटलं, आता घरात चाकांचा चिखल झाला म्हणून झापणार.

"भाऊ, सायकलला मागे कॅरियर लावून द्या. लोखंडी, एकदम मजबूत. आणि वर गादी."

"गादी कशाला, काकू?"

"मी बसणार आहे. हे म्हणतात, पवई तलावावर जाऊ या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, एवढी मेहनत केली, वजन वाढेल ना!"

काकूंनी चष्म्यावरून बघितलं.

"कोणाचं?"