बैलाच्या शिंगावरचा ब्रिटिश तपकिरी

आधी हे ऐका, कारण इकडं कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गाड्या सगळ्या हिरव्या नव्हत्या! मधल्या काळात हिरव्या रंगाचा कच्चा माल कमी पडला अन् त्यांनी ट्रक चक्क तपकिरी रंगवले. साधा तपकिरी न्हाई हं. जरासा पिवळट, जरासा मळकट, उन्हात एक अन् सावलीत एक. त्या रंगानं मला येड लावलं होतं.

माझ्याकडं तसल्या ट्रकचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, वीतभर लांब, एकेक भाग मीच चिटकवलेला. पुण्यात मॉडेलांचं प्रदर्शन होतं. कुणाची गाडी टेबलावर ठेवायची ते आमच्या मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन ठरवणार, अन् चारी बाजूंचे फोटो पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत टाकायचे होते. मागच्या वर्षी मी हिरवा ट्रक पाठवला तर त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "ही गाडी आहे की भेंडी?" सगळा ग्रुप दात काढून हसला. म्हणून यंदा मला त्या टेबलावर जायचंच होतं. काहीबी करून.

मॉडेलचे खास रंग इकडं कुठं भेटणार? वसमतहून ऑइलपेंटचे छोटे डबे आणले, लाल, पिवळा, काळा, पांढरा. काडीनं थेंब थेंब टाकायचा, पुठ्ठ्यावर ओढायचा, वाळू द्यायचा. ओला असला की बराबर दिसतो अन् वाळला की काळवंडतो, हरामखोर! किती पुठ्ठे वाया गेले. शेवटी जमला. पुठ्ठ्याचा फोटो टाकला तर ॲडमिनचा मेसेज, "आता शेड बरोबर आहे. गाडी दाखवा." मी अंगणात उड्या मारल्या.

दादा, म्हंजे माझा मोठा भाऊ, घरची शेती तोच पाहतो, बाजेवरून म्हणाला, "दाढी आली तरी खेळणी सुटंना याची. अन् रंग तरी कसला? बैलाला हगवण लागल्यावानी."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ट्रकचं तोंड, टप, डावी बाजू अन् मागचं फळकं रंगवलं. उजवी बाजू उरली. ती सकाळी करू म्हणून झोपलो. सकाळी पाहतो तर कालवलेल्या रंगाचा डबा रिकामा!

गोठ्यात पळालो. दोन्ही बैल धुऊन पुसून उभे अन् चारी शिंगं ब्रिटिश तपकिरी! दादा माझ्या बनियनला ब्रश पुसून राहिला होता.

"दादा, काहून?"

"शिंगाचा रंग सरला. तुझा पडूनच होता."

"तो काय शिंगाच्या लाल रंगाचा डबा भरलेला हाय तिथं!"

त्यानं त्या डब्याकडं पाहिलंबी न्हाई. "तुझं तोंड पाह्याचं होतं मला. पाह्यलं."

नवीन कालवायला बसलो तर घाईत मापच जमंना. एकदा लाल जास्त, एकदा काळा. दुपारपर्यंत पिवळाच सरला अन् सणामुळं दुकानं बंद.

मिरवणुकीत सगळ्या गावाच्या बैलांची शिंगं लाल, निळी, सोनेरी. आमचे आले की पोरं ओरडली, "मिल्ट्री आली, मिल्ट्री!" दादा स्वतःच सगळ्याला सांगून राहिला, "आमच्या धाकल्यानं लंडनहून शेड आणली." शेजारच्या म्हाताऱ्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बैल परवडला याच्यापेक्षा. कामाला तरी येतो."

बैल दारात आले. आई ओवाळून पुरणपोळी चारून राहिली, तेवढ्यात मला दिसलं, शिंगाच्या बुडाशी रंग जाड बसलेला, अजून ओला! चमचा अन् वाटी घेऊन पळालो.

"अरे, खाऊ दे की त्याला. सणाच्या दिवशी काहून तकलीफ देतो?" आई.

बैल पोळी चावून राहिला, मी शिंग खरवडून राहिलो. दादा बाजेवर पडून व्हिडिओ काढून राहिला. "खरवड, खरवड. कानातबी हाय थोडा."

एक बाजू होईल इतका निघाला. बल्बखाली घाईघाईनं रंगवलं, फोटो काढले, पाठवले. बराबर वाटला मला. पिवळ्या बल्बखाली सगळंच बराबर वाटतं. पाठवल्यावर फोटो मोठा करून पाहिला. मिरवणुकीतला गुलाल त्या ओल्या रंगाला चिटकला होता. उजवी बाजू तांबूस, वर बैलाचे दोन केस.

ॲडमिननी सगळ्यांसमोर लिहिलं, "डावी बाजू ब्रिटिश, उजवी बाजू वीटभट्टी. केस कुणाचे? पुढच्या वर्षी बघू."

दादाचा व्हिडिओ तोवर गावाच्या ग्रुपवर फिरून आला होता.

सकाळी शेण काढायला गोठ्यात गेलो. कवळं ऊन शिंगाच्या शेंड्यावर पडलं होतं. तिथं गुलाल न्हाई, रंग खडखडीत वाळलेला. इतका बराबर की मी पाटी घेऊन तसाच उभा राहिलो.

"काढ की फोटो माह्या बैलाचा," दादा मागून म्हणाला. "टाक तुझ्या ग्रुपवर."

मी खरंच काढला, शेंड्याचा, एकदम जवळून. टाकला. ॲडमिनचा रिप्लाय लगेच आला. "हीच ती शेड! ही गाडी का नाही पाठवली?"

दादानं माझ्या खांद्यावरून वाचलं अन् इतका हसला की बैल बिचकला.