हे मोडलं की सोडलं!

लॉकडाऊनमध्ये लोकांनी म्हणे पाव भाजले, नव्या भाषा शिकल्या, वजनं उतरवली. नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्न गावच्या कंपूने एका नळीचे किस्से जमवले. जमवले तरी कसले, घरात रिकामे डबे साठतात तसे साठले. आणि डबे काय, किस्से काय, टाकून देणं प्रत्येकाच्या जिवावर येतं!

नळी नितीनच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगरेटची. नितीन माझा ऑफिसमधला मित्र, पलीकडच्याच गल्लीत राहणारा. सिगरेट सोडून व्हेपवर आला होता. बायकोला, मानसीला, त्याने शब्द दिला होता, "हे मोडलं की सोडलं! नवीन घेणार नाही." आणि नेमकी तोंडात धरायची नळीच सैल झाली.

त्यात साताऱ्याहून पाहुणे म्हणून आलेले त्याचे बाबा विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. पोरांच्या खिशांचा वास घेऊन विड्या पकडणारे! चाळिशीतला नितीन अजून त्यांना टरकतो. "त्यांना कळलं ना, तर कायमचा नजरेतून उतरलो मी," असं म्हणताना त्याचा चेहरा खरंच पडायचा.

* * *

एकदा सकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद आहे असं समजून नितीनने झुरका मारला. व्हेप हातात आला, नळी ओठांतच राहिली. आणि कॅमेरा चालू! डच मॅनेजरने सरळ विचारलं, "नितीन, तुझ्या तोंडात काय आहे?"

नितीन बोलून गेला, "थर्मामीटर!"

त्या दिवसांत! मीटिंग तिथेच थांबली, आणि नितीनसाहेब कोविडच्या चाचणीसाठी नाकात खोलवर काडी घालून घेऊन आले. रिपोर्ट अर्थातच निगेटिव्ह. मॅनेजरने काळजीने ट्युलिप पाठवले. बाबांनी ते देवाला वाहिले.

* * *

आमचा प्रशांत नायमेखनला असतो, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या संशोधनात. त्याला व्हिडिओ कॉलवर नळी दाखवली.

"सैल म्हणजे किती? मायक्रॉनमध्ये सांग."

"हलवली की खुळखुळते, तेवढी!"

प्रशांतने चक्क प्रेझेंटेशन पाठवलं. आकृत्या, बाण, उष्णतेने प्लॅस्टिक किती फुगतं त्याचा आलेख. शेवटच्या स्लाइडवर एकच ओळ होती, "नवीन घ्या."

नितीन भडकला. "मला काय व्यसनी समजतोस का?"

* * *

मग मी पुढे सरसावलो. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप माझ्याकडे होती. व्हेप नितीनच्या घरामागच्या शेडमध्ये, सायकलच्या सीटखालच्या पिशवीत लपवलेला असे. नितीन बाबांना "ब्रेक बघून येतो" सांगून तिथे यायचा. टेप जरा जास्त झाली. नळी बसली ती बसलीच, लिक्विड भरायलाही निघेना! दीड मीटर अंतराचा नियम विसरून आम्ही दोन्ही बाजूंनी ओढत होतो. निघाली, ती सगळं लिक्विड माझ्या जाकिटावर सांडूनच.

फ्लेवर आंब्याचा. घरी बायकोने मला दारातच हुंगलं.

"आमरस? एकटाच खाऊन आलास?"

त्या वर्षी विमानं बंद, हापूसचं नखही इथे कुणी पाहिलं नव्हतं. तिचे टोमणे पुढे आठवडाभर चालले. धडा घेऊन नितीनने पुदिन्याचा फ्लेवर आणला.

* * *

टेपनंतर कोथिंबिरीच्या जुडीचा रबर लावून झाला. मानसीने वास घेतला आणि म्हणाली, "पुदिना झाला, कोथिंबीर झाली. मिरची देऊ?"

बाबा खिडकीशी बसून सदऱ्याला बटणं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "नितीन, ती सायकल विकून टाक. रोज दुरुस्त करतोस, चालवत कधी नाहीस."

बाबांनी दातांनी दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

* * *

आणि एक दिवस नळी घट्ट! उपसून पाहिली, तर बुडाशी बारीक लाल दोरा, अगदी शिस्तीत गुंडाळलेला. नितीनला वाटलं मी केलं, मला वाटलं त्याने. मानसीला विचारलं तर ती उखडलीच. "मी कशाला करू? मी तर ते मोडायची वाट बघतेय!"

* * *

शेवटी विमानं सुरू झाली. बाबांना सोडायला स्खिपहोल विमानतळावर मीही गेलो होतो, बॅगा उचलायला. नितीनचे डोळे भरून आले होते. बाबा चालले म्हणून की गुपित टिकलं म्हणून, ते त्यालाच कळत नव्हतं.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गृहपाठ द्यावा तसं सांगितलं, "दोरा भिजला की सैल पडतो. अधूनमधून बदलत जा."



बाबा चार पावलं पुढे गेले, वळून परत आले आणि मास्क जरासा खाली केला.

"आणि तो पुदिना काही खास नाही रे. आंबा बरा होता."