काकूंच्या म्यूरलमधला पेला

"उसव ते. आत्ताच्या आत्ता."

काकूंनी माझा कापडाचा चौकोन सगळ्यांसमोर सतरंजीवर टाकला आणि कात्री पुढे सरकवली. बाकीची मुलं माना खाली घालून टाके घालत राहिली. मी सोळा वर्षांची होते. माझं काय चुकलं ते मला कळत नव्हतं.

हे काकूंचं मयूर विहारचं घर. दंगलींच्या बातम्या अजून ताज्या होत्या. घरोघरी केबल येत होती, गुडगावात मोहरीच्या शेतांवर काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्याच एका नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये लावायला दिल्लीतल्या मराठी मुलांनी शांततेचं कापडी म्यूरल करायचं, ही काकूंची कल्पना. प्रत्येकाने एक चौकोन शिवायचा, मग सगळे जोडायचे. सगळ्या धर्मांची मुलं हवीत म्हणून त्यांनी रेश्माला शोधून आणलं, एका ख्रिस्ती मुलाला आणलं. मी आले बाबांमुळे. बाबा काकूंच्या यजमानांच्या ऑफिसात चपराशी. पहिल्या दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," त्या दोनदा म्हणाल्या.

विषय होता, तुम्हाला शांतता कुठे दिसली? कुणी कबुतर शिवलं. कुणी मंदिर आणि मशिदीला हात देऊन ते एकमेकांत गुंफले. मी शिवली काकूंकडची आमची रविवारची चहाची वेळ. पहाडगंजातल्या आमच्या खोलीत दिवसभर कलकल. इथे सगळे एकत्र बसून चहा पितात, कुणी ओरडत नाही. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं. म्हणून रांगेने फुलाफुलांचे कप, आणि शेवटी माझा स्टीलचा पेला. पेल्याला बाबांच्या जुन्या युनिफॉर्मचं राखाडी कापड लावलं होतं. काठाला असलेला पोचासुद्धा टाक्यांत आणला होता.

तो पेला मला लाडाचा वाटायचा. कपापेक्षा पेल्यात चहा जास्त मावतो ना! बाकीच्यांचे कप कामवाल्या बाई धुवायच्या. माझा पेला मी बाल्कनीतल्या नळाखाली धुऊन तिथेच पालथा घालायचे.

"शांततेच्या कामात असली खुसपटं काढायची नसतात," काकू म्हणाल्या. "सगळ्यांसारखा कप कर तिथे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आरोप केलाच नव्हता. दिसलं ते शिवलं होतं. पण काकूंना तो पेला बघताक्षणी कळला, कारण तो वेगळा का, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"कप कसा करू, काकू?" मी म्हणाले. "तुमच्या घरात मी कपातून कधी प्यायलेच नाही."

रेश्मा पुटपुटली, "यार, जाऊ दे ना."

"साहेब बोलतील तुझ्या वडिलांशी," काकू म्हणाल्या.

मी चौकोनाची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. बसमध्ये रडले. रागाने रडले.

साहेब बोलले. दुसऱ्या दिवशी बाबा तोंड पाडून घरी आले. "माफी माग. कप शिवून दे. चलता है, बेटा. काय जातं आपलं?"

मी चौकोन त्यांच्या मांडीवर ठेवला. साहेबांच्या फायली पोचवायला बाबा त्या घरी जायचे. त्यांनी पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवला.

"मलाही ह्याच्यातच देतात," ते म्हणाले.

माफीचं पुन्हा बोलले नाहीत. साहेबांनी त्यांना केबिनच्या दारातून उठवून गेटवर बसवलं. दिल्लीचा उन्हाळा आणि डोक्यावर पत्रा. रिटायर होईपर्यंत तिथेच. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

म्यूरल गुडगावात लागलं. माझ्या जागी आणखी एक कबुतर. भाषणं झाली, पेढे वाटले.

आता मी रोज मेट्रोने गुरुग्रामला जाते. ऑफिसात माझ्या नावाची पाटी आहे. तरी नवीन माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो आणि मग "अच्छा" म्हणतो. कंटाळा आलाय त्या शब्दाचा.

गेल्या महिन्यात काकूंच्या सुनेचा फोन आला. म्यूरल धुऊन पुन्हा लावताहेत. "तुम्ही तुमचा चौकोन अजून जपलाय असं कळलं, ताई. द्या ना, आम्ही जोडतो. झालं गेलं विसरून."

"त्यातला पेला का उसवायला सांगितला होता, ते खाली लिहाल?" मी विचारलं.

"कशाला, ताई? इतकी जुनी गोष्ट. शांततेचं काम आहे ना."

"मग मिळणार नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मला शांतता नको आहे, असं नाही. मी थकले आहे. सगळ्यांत जास्त गरज मलाच आहे तिची. पण मी गप्प बसावं, एवढ्याच अटीवर जी उभी राहते, तिच्यासाठी मी सुईत दोरा ओवणार नाही. भांडकुदळ म्हणा. म्हणाच. बाबांनी गप्प राहून गेट सांभाळलं. मी बोलणार आहे, आणि तुम्हाला ते बसून ऐकावं लागणार आहे.