पोपटी भिंत

रंगारीकाकांनी चाळीस वर्षं लोकांची घरं लोकांच्याच पसंतीने रंगवली. आधी गुलाबी, मग क्रीम आणि शेवटी शेवटी तर सगळं गाव राखाडी झालं. त्यांच्या स्वतःच्या बैठकीची भिंत मात्र पोपटी, आणि तिच्यावर रोलरने मारलेली केशरी फुलं. सुनेच्या माहेरची माणसं ती पाहून तोंड दाबून हसायची. मुलगा तर मित्रांना घरी आणायचाच नाही. "बाबा, एक हात पांढरा मारू या," हे त्याचं पालुपद पंधरा वर्षं चाललं. काकांचं उत्तर ठरलेलं, "माझ्या हयातीत नाही."

परवा सुनेची मैत्रीण आली. ती लोकांची घरं सजवून देते. भिंत बघून ती जागीच थांबली. "काका, हे सध्या फार चालतंय. फॅशन परत आलीय."

मुलाची छाती लगेच फुगली. "आम्ही मुद्दाम जपलीय," असं म्हणत तो भिंतीला टेकून फोटोसाठी उभा राहिला.

काका खुर्चीतून उठले. "फॅशन आली असेल, उद्या जाईलही. माझी भिंत कुठे गेली नव्हती. तू सरक तिथून, डोक्याच्या तेलाचा डाग पडेल."