लटारू आरेवाल्याच्या दोन रेघा

लटारू चांदा जिल्ह्यात सागाचे ओंडके चिरायचा. १९५६ साली त्याच्या नाकामागे कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरला दीड महिना विजेचे, म्हणजे किरणांचे, शेक घेतले, गाठ विरली. सगळे म्हणाले, सुटला बाप्पा! पण सहा महिन्यांनी त्या शेकांनीच डाव्या डोळ्याची नस मारली. डोळा बाहेरच्या बाजूला वळेना आणि लटारूला एकाचे दोन दिसू लागले. ताटात दोन वांगी दिसली तर माणूस हसेल तरी, आरेवाल्यानं काय करावं? लटारूनं बायकोलाही सांगितलं नाही.

उंच लाकडी घोडीवर ओंडका चढवला, की एक जण त्यावर उभा राहून कोळशाच्या रेघेवर आरा चालवतो. दुसरा खालून ओढतो. वर लटारू, खाली मुखरू, बारा वर्षांची जोडी. वरच्याचा पाय चुकला तर खालच्याचा जीव जायचा. हे ठाऊक असून लटारू चढला. हट्टी मेला! एकदा उतरलेल्या आरेवाल्याला पुन्हा कोणी वर चढवत नाही, ही भीती त्याला गाठीपेक्षा जास्त खात होती.

डावा डोळा मिटून त्यानं हातभर चिरलं. पण एका डोळ्यानं ओंडक्याची कड किती दूर ते कळेना. डोळा उघडला, तर समोर दोन रेघा.

"काऊन गा, आरा डावीकडं पळून राह्यला?" खालून मुखरू ओरडला.

"डोळ्यात भुसा गेला."

"भुसा खाली पडते. तुह्या डोळ्यात कसा गेला?"

आपली चोरी पकडली, हे लटारूला कळलं. घाईनं मागे टाकलेला पाय नसलेल्या कडेवर पडला. आरा चिरेत अडकला म्हणून बरं! लटारू आऱ्याच्या मुठीला लोंबकळला आणि मुखरूनं त्याचे पाय छातीशी धरले.

"मले दोन-दोन दिसते," लटारू रडत म्हणाला. "आता दुसरा जोडीदार पाह्य."

उंचीवर मुखरूचे पाय लटपटायचे, म्हणूनच तो बारा वर्षं खाली भुसा खात होता. त्यानं लटारूला खाली उभं केलं आणि स्वतः घोडी चढला. वर जाऊन मूठ पकडली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

लटारूनं खालची मूठ धरली.

"डोळे उघड गा, मुखरू," तो म्हणाला. "आपल्या दोघाईत आता तेवढीच एक जोडी धड हाये."