चौकोनी चेंडू आणि सावजी रस्सा

पीएच.डी.च्या व्हायवाला आलेल्या परीक्षकाला उमेदवाराने जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. मला तिची किळस येते. माझ्या व्हायवाला परीक्षकांनी सावजी मटणाचा तिखटपणा तेवढा तपासला, प्रबंध उघडलाच नाही.

त्या प्रबंधात चूक होती. पुढे शिकवताना ती मलाच सापडली. माझं प्रमेय एका ओळीवर उभं होतं: आपल्यापासून भिंतीवरचा सगळ्यात जवळचा बिंदू एकच असतो. आपल्याभोवती चेंडू फुगवत नेला की तो भिंतीला जिथं पहिल्यांदा टेकतो, तो जवळचा बिंदू; चेंडू गोल असेल तर एकाच जागी टेकतो, तोवर हे खरं. नॉर्म म्हणजे अंतर मोजायची पद्धत. पण ती बदलली की चेंडू चौकोनीही होतो, आणि चौकोन भिंतीला अख्ख्या बाजूने चिकटतो. मग जवळचे बिंदू मोजता येणार नाहीत इतके. आणि मी तर प्रमेय कुठल्याही नॉर्मला लागू म्हणून मांडलं होतं. तोवर त्या प्रमेयावर मी प्रोफेसर झालो होतो. मूग गिळून बसलो.

यंदा मीच परीक्षक म्हणून नागपूरला गेलो. शहराच्या वेशीवर वाडीला ट्रकांच्या रांगेत तासभर अडकून पोचलो तेव्हा डोकं तापलेलंच होतं. उमेदवार मुलगी होती आणि तिचा सगळा प्रबंध माझ्या प्रमेयावर उभा होता.

बोलता बोलता तिने फळ्यावर चौकोन काढला, शेजारी भिंतीची रेघ.

"सर, इथं तं जवळचे बिंदू लय निघून राहिले. मंग तुमचं प्रमेय कसं लागू होईन?"

"तुले आत्ताच काहून सुचून राहिलं वं?" तिचे गाईड खेकसले. "पोळ्या थंड होऊन राहिल्या तिकडं."

सगळे माझ्याकडे बघत होते. लागू होत नाही म्हटलं असतं तर तिचं वर्ष गेलं असतं आणि माझं प्रमेयही. पोरीचं वर्ष वाचव, असं मी मनाला सांगितलं. काय पण दयाळू माणूस!

"चेंडू गोल आहे हे त्यात गृहीतच आहे," मी धडधडीत खोटं बोललो आणि सही केली. तिने फळा पुसला. मला माझी शिसारी आली, पण भूकही लागली होती.

जेवताना तीच वाढत होती. रस्सा घालायला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "सर, चौकोन बरोबर होता न जी?"

"हो."

"मंग मी पुसला काहून?"

मी ताटाकडे बघत आणखी एक पोळी मागितली.