काचेची न्हाणी

घाणीला भिणारी बाई मी नाही. शेळी अडली तर कोपरापर्यंत हात घालून करडू ओढून काढलं आहे. पावसाळ्यात गोठ्यातलं शेणमूत रोज दोन्ही हातांनी भरते, हात धुते आणि त्याच हातांनी भाकरी थापते. त्याची किळस कधी आली नाही. पण घाटाखाली लॉजच्या खोल्या बघत फिरलो त्या संध्याकाळी जी किळस आली, ती अजून गेली नाही. लिहायला बसले तरी नाकात तो वास येतो. अगरबत्ती, सिगरेट आणि ओली गादी, तिन्ही मिळून.

झालं असं, की मुलीच्या शाळेची सहल त्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कला गेली तेव्हा ती तापाने पडली होती. मैत्रिणी जाऊन आल्या आणि पुढे कितीतरी दिवस वर्गात तेच बोलत राहिल्या. कोणता पाळणा कसा उलटा होतो, कोण किती ओरडली. ही घरी येऊन गप्प बसायची. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आमचे हे कबूल झाले. हे कापूरहोळला गॅरेजात काम करतात, तिथल्या मालकाने एका दिवसासाठी म्हणून गाडी दिली, ती आम्ही दोन दिवस ठेवली. जायचं तर सगळ्यांनीच, म्हणून मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझे सासू-सासरे, तेही आले. गुरं-शेरडं जावेवर सोपवली. आमची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तिथून पहाटे निघून पार्काच्या दारात वेळेवर पोचणं होत नाही. म्हणून आदल्या दिवशी जायचं, जवळच मुक्काम करायचा आणि सकाळी पहिल्यांदा आत शिरायचं, असं ठरलं.

मुलगी म्हणाली होती, "बाबा, रूम मोबाईलवर आधी घेतात सगळे."

"फोटू बघून कुणी शेरडू घेतं का?" हे म्हणाले. "जाग्यावर जायाचं, बघायचं, मग पैसं काढायचं. हॉटेलं काय, रस्त्याला लागून असत्यात."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा आणि वडापाव. हॉटेलात झोपायचं असतं हे ऐकून माहीत होतं, पण मी कधी झोपले नव्हते.

पुणं मागे टाकल्यावर एका पेट्रोल पंपावर गाडी थांबली. मुलगी माझ्याबरोबर मागच्या बाजूला आली. तिथल्या संडासाला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं, आणि आत जे साचलं होतं ते लिहवत नाही. मी बाहेरून दार धरून उभी राहिले. आतून ती हळूच म्हणाली, "आई, आलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आज्जीला सांगू नको," ती म्हणाली. "ती मला उद्या गाडीतच बसवील."

खोटं नव्हतं ते. आमच्या घरी पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं. पडवीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट, कुणाला शिवायचं नाही. चुकून शिवलं तर ज्याला शिवलं त्याने आंघोळ करायची. हे मीही केलं, जावेनेही केलं. मुलीला सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी तीही मुकाट पडवीत जाऊन बसायला शिकली होती. आत्याबाईंना पंपावर कळलं असतं तर त्यांनी गाडी माघारी वळवायला लावली असती. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि पोरगी मागच्या सीटवर त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

म्हणून त्या संध्याकाळी मला एकच गोष्ट हवी होती. आतून कडी लागणारी न्हाणी. पलंग असो वा नसो.

घाट उतरल्यावर पहिला लॉज लागला. काउंटरवरच्या माणसाने मोबाईलमधून मान वर न करताच विचारलं, "किती तास?"

हे माझ्याकडे बघायला लागले. काठी टेकत मागून आलेले मामंजी म्हणाले, "तास कसलं? मुक्काम करायचाय बाबा. सकाळी जाणार."

त्याने मान वर केली. मामंजींची टोपी बघितली, माझा डोक्यावरचा पदर बघितला आणि हसला. "आजोबा, फॅमिली नाय ठेवत आपण."

ह्यांचे कान लाल झाले. आम्ही गाडीत येऊन बसलो. मामंजींना काही राहवेना. "तासावर खोली घिऊन करत्यात काय रं?"

"गप बसा की," आत्याबाई म्हणाल्या. "पोर हाय गाडीत."

दुसऱ्या ठिकाणी दारावर दिव्यांच्या माळेने फॅमिली रूम असं लिहिलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं. खोली बघायला मी आणि हे वर गेलो. बेसिनमध्ये गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या वाळल्या होत्या. उशीवर लांब केस, चादरीवर पिवळा डाग. मी तोंडाला पदर लावला. मॅनेजर म्हणाला, "थांबा, चादर नवीन टाकतो," आणि आमच्यासमोर तीच चादर उचलून उलटी अंथरली. वर हाताने सुरकुत्या काढल्या. लाज नाही, काही नाही. जसं काही आम्हाला डोळेच नाहीत.

न्हाणीला दार होतं. कडीही होती. पण कुलपाच्या जागी भोक होतं आणि त्यात कागदाचा बोळा कोंबला होता. मी बोळा काढून वाकून बघितलं. पलंग सरळ दिसत होता. म्हणजे पलंगावरून न्हाणीही तशीच दिसत असणार. कुणीतरी बाईने तो बोळा कोंबला असेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी बोळा होता तसा परत कोंबला.

"बघा पटकन," मॅनेजर म्हणाला. "सुट्टीचे दिवस आहेत, मागाहून हीपण मिळणार नाही." हे बोलताना तो खिडकीतून खाली गाडीकडे बघत होता. मुलगी पाय मोकळे करायला खाली उतरली होती. मी जिना उतरले आणि तिला आधी गाडीत बसवलं.

तोवर दिवे लागले होते. मुलगी मला डोळ्यांनी विचारत होती आणि मी नजर चुकवत होते. आणखी दोन ठिकाणी जागाच नव्हती. मग एक नवं, उंच हॉटेल लागलं. दारात झाडांच्या कुंड्या, आत माशांची पेटी, फरशी इतकी स्वच्छ की मी चपला हातात घेणार होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, एकच मोठी खोली उरली आहे, पाच जणांना पुरेल. सगळे दमले होते. ह्यांनी खोली न बघताच पैसे भरले. जाग्यावर जाऊन बघणारा माणूस, पण माशांच्या पेटीने भुलला.

खोली खरंच छान होती. पांढऱ्याशुभ्र चादरी, खाली गालिचा. आणि कोपऱ्यात न्हाणी. तिला भिंत नव्हती. खालपासून वरपर्यंत काच. आत झगझगीत दिवा. मिठाईच्या दुकानात पेढे मांडून ठेवतात तसं आत संडासाचं भांडं मांडून ठेवलेलं, आणि मोठा पलंग बरोबर त्याच्या समोर.

मामंजी एकदाच बघून वळले आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसलेले नाही, की डोक्यावरचा पदर पडू दिलेला नाही.

मी ह्यांना दाराबाहेर बोलावलं. "हितं आंघूळ कशी करायची?"

"मोठ्या हॉटेलात अशीच पद्धत असती."

"मामंजी हायत आत. पोरगी हाय."

"आपलीच माणसं हायत की. तिकडं तोंड करून बसत्याल."

ह्यांचा मला फार राग येत नाही. पण तेव्हा आला, आणि रागापेक्षा वाईट काहीतरी आलं. परक्याने तास विचारले तेव्हा ह्यांचे कान लाल झाले होते. आता झाले नाहीत.

मी कधी परक्या पुरुषाशी आपणहून बोलत नाही. एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा गावाचं नाव शेजारच्या बाईकडून सांगवते. पण त्या दिवशी एकटी खाली गेले. जिन्यात दोनदा थांबले. काउंटरपाशी जाऊन म्हणाले, "दादा, भिंतीची न्हाणी असलेली खोली द्या. लहान असली तरी चालंल."

"मॅडम, ही आमची बेस्ट रूम आहे. लोक मुद्दाम मागतात."

"कोण लोकं?" मी विचारलं.

त्याने शेजारच्या माणसाकडे बघितलं आणि दोघं हसले. मग म्हणाला, "पडदा असतो तिथं. धुवायला गेलाय."

मी वर आले. अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं. पिशवीतलं दुसरं लुगडं काढलं आणि काचेवर बांधायला लागले. पण काचेला खिळा नाही, खुंटी नाही. दाराच्या वरच्या कडेवर टाकलं तर घसरून खाली. पुन्हा टाकलं, पुन्हा खाली. मुलगी आल्यापासून उभीच होती. पांढऱ्या चादरीवर बसायला भीत होती.

"बस की गं," आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. "दिसभर गाडीत बसून पाय मोडलं न्हवं? आता उभी का?"

ती बसली नाही. आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या लुगड्याकडे. मग उठल्या.

"उठा वो," त्या मामंजींना म्हणाल्या. "आन् तूबी चल रं भाईर. बाप्या माणसांचं हितं काय काम न्हाई."

"आता? आत्ताच तर आलोय," हे म्हणाले.

"जा म्हणल्यावर जावं. च्या प्या जावा दोघं. मी हाक मारल्याबिगर याचं न्हाई."

दोघं गेले. आत्याबाईंनी कडी लावली. "किती येळ लपवणार हायस?" त्या मला म्हणाल्या. "मला डोळं न्हाईत व्हय?"

मुलगी रडायला लागली. "आज्जी, मला उद्या जायचंय. मी कुणाला शिवणार नाही."

"शिवणार न्हाई! पुण्यापासनं माझ्या अंगावर रेलून आलीस. आता मला आंघूळ आली." एवढं म्हणून त्या काचेकडे वळल्या. आत वाकून बघितलं, वरच्या दिव्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. "ह्या पेटीत? मी? ह्या वयात?"

त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं.

"हितलं काय मोजायचं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "हे काय घर हाय का? घरी गेल्यावर बगू."

आम्ही दोघींनी लुगड्याची दोन टोकं धरली आणि काचेकडे पाठ करून उभ्या राहिलो. मुलगी आत गेली. हात भरून आले तरी आम्ही धरून होतो. दोघींच्या मध्ये लुगडं ताणलेलं बघून आत्याबाई म्हणाल्या, "अंतरपाटच धरलाय जणू. मंगलाष्टका म्हणू का आता?" आत पाण्याच्या आवाजात मुलगी हसली. मग मी आंघोळ केली, तेव्हा त्या दोघींनी धरलं. आत्याबाईंनी मात्र केली नाही. नुसते हातपाय धुतले आणि त्या खोलीला, ती बांधणाऱ्याला आणि त्याच्या आईला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकेका पाळण्यात दोनदा बसली. ओरडून घसा बसवून घेतला. आम्ही बाकावरून बघत होतो. तिची ओढणी वाऱ्यावर उडत होती आणि आत्याबाई दर फेरीला "पडंल गं, पडंल" म्हणत होत्या.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी उंबऱ्याकडे निघाली तशा आत्याबाई म्हणाल्या, "थांब. आता हितनं मोजायचं." त्यांनी तिचं अंथरूण आणून पडवीत शेळ्यांच्या बाजूला टाकलं, ताट-तांब्या ठेवला. मुलगी मान खाली घालून जाऊन बसली. पार्कातून आणलेली टोपी डोक्यावर तशीच होती.

दूध घालून चुलत दीर परत चालला होता. त्याने पडवीकडे बघितलं, समजला, आणि दुसरीकडे बघून पुढे गेला. मग शेजारची पोरं आली, त्यांनीही बघितलं. मला कालचीच किळस पुन्हा आली. मला वाटलं होतं ती त्या हॉटेलची आहे. पण ती नुसती तिथली नव्हती. तिथे काच होती. इथे काचही लागत नाही. पोरीला बाहेर बसवलं की वस्तीला कळतं तिच्या अंगाचं काय चाललंय ते.

मी अंथरूण उचललं.

"काय करतीस?" आत्याबाई म्हणाल्या.

"काल चाललं की."

"काल इलाज न्हवता."

"मग आजबी न्हाई," मी म्हणाले. मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांच्या देखत मी असं कधी बोलले नव्हते. अंथरूण आत नेऊन माझ्या अंथरुणाशेजारी टाकलं आणि मुलीला हाताला धरून आत घेतलं.

आत्याबाई गप्प बसल्या नाहीत. देव, कूळ, माझं माहेर, सगळं निघालं. माझ्या हातचं त्यांनी खाल्लं नाही, दुसऱ्या चुलीवर स्वतःचं पिठलं केलं. मामंजींना कुणी वाढायचं हा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, "दोन्हीकडचं वाडा. भूक लागलीया."

आता दर महिन्याला हेच भांडण होतं. अंथरूण आतच असतं.